लिंबूवाले जोतीराम सर

बारामतीत मोटारसायकल घ्यायची तर आबासाहेबांच्या शोरूममध्ये जायचं आणि जोतीरामच्याच टेबलापुढं बसायचं, असं भवानीनगरपासून बावड्यापर्यंतची माणसं एकमेकांना सांगायची. जोतीराम गाडीचे गुण फारसे सांगत बसायचा नाही. तो समोरच्याचाच आवाज उचलायचा आणि त्याच आवाजात त्याला गाडी विकायचा.

भवानीनगरचा ऊसवाला तात्या आला, की जोतीरामचा आवाज घशातून उतरून पोटात जायचा. "बसा तात्या. गाडी काय, कुठं पळून जात न्हाय. आधी च्या घ्या." कॉलेजचं पोरगं आलं, की तोच आवाज नाकात चढायचा. "भावा, पिकअप बघ फक्त. चौकातनं निघाला की हूंऽऽऽ! बाकीचे सगळे आरशात." गुरुजी आले, की जोतीराम शब्दाशब्दाला इस्त्री करायचा. "गुरुजी, ॲव्हरेजच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही. शिस्त म्हणजे शिस्त." बावड्याचा पेरूवाला विचारायचा, "मागं क्रेट बसतंय का?" जोतीराम म्हणायचा, "दोन बसत्यात की! आन वर वहिनी." पेरूवाला हसायचा, वहिनी पदर तोंडाला लावायच्या, गाडी खपायची.

आणि क्लच तर त्यानंच समजावून द्यावा. डावी मूठ हवेत धरून तो आवाज एकदम हळू करायचा. "डाव्या हातात क्लच. सोडायचा कसा? निजलेलं पोर मांडीवरनं खाली ठेवतो ना आपण, तसा. हळूऽ... हळूऽ... पोर उठता कामा न्हाय." ऐकणाऱ्याची डावी मूठ आपोआप उघडत जायची. म्हातारी माणसंसुद्धा श्वास धरायची.

गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं, की दुसरा खेळ. चहा आला की जोतीराम टेबलाला टेकून उभा राहायचा आणि गेलेल्या तात्याला परत बोलवायचा. तात्याचं खाकरणं, गुरुजींचं नाक वर करून चष्म्याखालून बघणं, वहिनींचं 'अवो, लाल घ्या की.' सगळी शोरूम पोट धरून हसायची. पण सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या त्या विशालच्या नकलेला.

विशाल वर्कशॉपमधला मेकॅनिक. बोलताना अडखळायचा, आणि 'ग' वर तर पार रुतायचा. मेकॅनिकच्या नशिबात गाडी, गिअर, गरम आणि गळती, सगळं 'ग' चंच. "द-दादा, ग-ग-ग-गाडी झाली," असं जोतीराम इतकं हुबेहूब म्हणायचा, की आतून आबासाहेब ओ द्यायचे, "झाली ना? मंग धुवायला लाव, विशाल!" मग तर हसण्याला ऊतच यायचा. विशाल अर्धा चहा तसाच ठेवून, फडक्याला हात पुसत आत जायचा. "चेष्टा हाय रं, चेष्टा," लोक म्हणायचे. चेष्टाच होती. रोजची होती एवढंच.

आता या जोतीरामला मोटारसायकल चालवता येत नव्हती.

मोटारसायकलच काय, सायकलही नाही. बावड्याला शाळेत असताना तो मधल्या सुट्टीत सायकलवरून थेट पाटाच्या चारीत गेला होता, तोही सगळी शाळा कठड्यावर डबा खात बसलेली असताना. वर आला तेव्हा डोक्यावर शेवाळ आणि चड्डी चारीतच. पुढं शाळा संपेपर्यंत पोरांनी त्याला नावानं हाक मारली नाही. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून 'डराँव' व्हायचं. त्यानंतर त्यानं दोन चाकांशी संबंध ठेवला तो फक्त विकण्यापुरता. नोकरीला लागताना कुणी विचारलंही नाही. मासे विकणाऱ्याला पोहता येतं का, हे कोण विचारतं? रोज तो चालत शोरूमला यायचा. "तुमची गाडी कुठाय, सर?" कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सर्व्हिसिंगला हाय." त्याची गाडी वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगलाच होती.

पण शोरूममध्ये एक नाजूक वेळ रोजच यायची. नव्या गाडीला हार घातला, नारळ फुटला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, की गिऱ्हाईक म्हणायचं, "सर, तुमच्या हातानं काढा बाहेर. तुमचा हात चांगलाय." पहिल्यांदा असं झालं तेव्हा जोतीराम हाराची फुलंच नीट करत बसला. आणि मग तोंड मदतीला आलं. डोळे मिटून, कीर्तनकाराच्या आवाजात तो म्हणाला, "गाडीनं पहिली पावलं इंजिनावर टाकायची न्हाईत. लिंबावरनं तिला माणसानं हातानं ढकलत न्यायची, पायी. मंग ती इंजिनाची न ऱ्हाता माणसाची ऱ्हाते."

गिऱ्हाइकानं हात जोडले. बायकोनं गाडीच्या टाकीवरून हात फिरवून बोटं मोडली. जोतीरामनं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून लिंबावरून ढकलत नेली. लिंबू फच्च झालं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तेच मागितलं. बघता बघता बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत ती रीतच पडली. दुसऱ्या शोरूमवालेही गाड्या ढकलायला लागले. कुणी चालू करून काढली तर म्हातारीकोतारी माणसं म्हणायची, "अरं, पायी न्या, पायी! गाडी आपली ऱ्हायला नको व्हय?" एका माणसाच्या भित्रेपणाला गावोगाव नारळ फुटत होते.

सगळं छान चाललं होतं. मग आबासाहेबांनी इंदापूरला शाखा काढायचं ठरवलं.

"मॅनेजर जोतीराम," आबासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "अक्षय तृतीयेला उद्घाटन. आन ऐक, मिरवणूक काढायची. इंदापूरच्या स्टँडपासनं शोरूमपर्यंत. पुढं तू, आपल्यातली सगळ्यात मोठी गाडी घेऊन, फेटा बांधून. मागं सगळी नवी गिऱ्हाइकं. मॅनेजर गाडीवर दिसला पायजे."

"आबा, पायी ढकलत आणली तर? आपली रीत..."

"स्टँडपासनं ढकलत? मॅनेजर हाय का हमाल?"

जोतीरामला ती शाखा हवी होती. काचेची केबिन, दारावर नाव, फिरती खुर्ची. आणि मुख्य म्हणजे इंदापूर ही त्याची सासरवाडी. तिथं त्याचे सासरे अजून त्याची ओळख 'शोरूमला कामाला हायत' अशी करून द्यायचे, 'कामाला' वर जरा नाक मुरडून. बायकोनं, निकितानं, त्याच संध्याकाळी माहेरच्या सगळ्यांना फोन लावले. "आमचे हे म्यानेजर झाले! व्हय, गाडीवर येणारेत, पुढं!" आता नाही म्हणायचं म्हणजे केबिन गेली, खुर्ची गेली आणि सासऱ्यांचं नाक कायमचं वर राहिलं.

शिकायचं ठरलं. पण कुठं?

शोरूमसमोरच एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. मालकाची ओळख होती. पण तो रस्त्यावरच शिकवायचा आणि ओरडून शिकवायचा. "अय, खांदं सैल सोड! नवरीमुलगी हाईस का?" अख्खी बारामती बघणार. ते कटाप.

मग त्यानं पुण्यातल्या एका क्लासला फोन लावला. पलीकडून मध टपकला. "सर, गुड मॉर्निंग! बिगिनर कोर्स ना? सर, आधी आपण बाइकशी मैत्री करतो. पहिल्या सेशनला आपण फक्त तिच्याजवळ बसतो. गुडघ्यांचे पॅड आहेत ना आपल्याकडे? आणि आपलं रायडिंगमागचं मोटिव्हेशन काय, सर?" जोतीरामनं त्याच मधाळ आवाजात "सर, आपण विचार करून कळवतो" म्हणून फोन ठेवला. मैत्री करायला अक्षय तृतीया थांबणार नव्हती.

विशालला सांगावं, हाही विचार एकदा येऊन गेला. विशाल उत्तम चालवायचा आणि शिकवलंही असतं. पण विशालला सांगायचं म्हणजे काय, ते जोतीरामला चांगलं माहीत होतं. उद्या चहाच्या वेळी नक्कल कुणाची होणार?

शेवटी मोबाइलवर त्याला एक जाहिरात सापडली. 'फक्त महिलांसाठी. पळसदेव. भीती घालवून दुचाकी शिकवली जाईल.' त्याला वाटलं, ठरलं. बायकांच्या वर्गात बारामतीचं कोण बघायला येणार? बाकी सगळे क्लास त्यानं बारकाईनं पारखले होते, पण ते लोक आपल्याला हसतील का, या एकाच मापानं. तिथं गाडी कोणती असते, एवढंच विचारायचं राहिलं.

पळसदेवला उजनी धरणाचं पाणी मागं सरकून सपाट रान उघडं पडलं होतं. तिथं प्रगतीताई शिट्टी घेऊन उभ्या होत्या. समोर तीन स्कूटर आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. गिअर नाही, क्लच नाही.

"बापयांना घेत न्हाय आमी," प्रगतीताई म्हणाल्या.

"बायकोला पाठवायचंय ताई. म्हटलं आधी आपण अनुभव घ्यावा." त्यानं नाव सांगितलं सुयोग, आणि नोकरी बँकेत.

बायका खुदखुदल्या. त्यातली ठमाबाई पुढं आली. उजनीचे मासे विकणारी, साठीकडं झुकलेली. पाटी डोक्यावर नेऊन मान आखडली म्हणून स्कूटर शिकत होती. "घ्या की ताई. एक बापई बी पडताना बघू द्या आमाला."

बघायला भरपूर मिळालं. जोतीराम उजवीकडं पडला, डावीकडं पडला, आणि एकदा तर उभ्या स्कूटरवरून पडला. ठमाबाई त्याच्याभोवती गोल गोल फिरत म्हणायची, "भाऊ, स्कूटर हाय ती, म्हस न्हवं. मिठी नका मारू." तो मुकाट धूळ झटकायचा. इथं त्याला कुणाचा आवाज काढायचं सुचत नव्हतं.

प्रगतीताईंची शिकवण एका वाक्याची होती. "उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. घाबरून तोच दाबला तर नाकावर पडाल. म्हणून आधी कुठला?" सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, "डावाऽऽ!" शिट्टी वाजली की डावा. कुत्रं आलं की डावा. ठमाबाईनं मुद्दाम आडवी काठी टाकली की डावा. जोतीराम स्वप्नातही डावी मूठ दाबायला लागला. निकिता एकदा किंचाळून उठली, कारण मुठीत तिचं मनगट होतं.

आणि तो शिकला. खरंच शिकला. शेवटच्या दिवशी त्यानं मोकळ्या रानात मोठा वळसा घेतला, पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन परत आला आणि ठमाबाईच्या काठीपाशी बरोबर थांबला. डावा दाबून.

"पण भाऊ," प्रगतीताई म्हणाल्या, "स्कूटर आली म्हंजी मोटारसायकल आली न्हाय हां. तितं डाव्या हाताला..."

"क्लच!" जोतीराम हसला. आता त्याला आवाज सापडला होता. "ताई, क्लच मला नका सांगू. निजलेलं पोर कसं खाली ठेवायचं..." आणि त्यानं उभ्या उभ्या सगळ्या बायकांना क्लच समजावून सांगितला. बायकांनी श्वास धरले. ठमाबाई म्हणाली, "बँकेत काय करतोयस भाऊ? गाड्या इक की."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी विशाल त्याच्याजवळ आला. अगदी जवळ, इतरांना ऐकू जाणार नाही असा. "द-दादा, पळसदेवला आपला स-सर्व्हिस कॅम्प होता. एक म-मासेवाल्या बाई भेटल्या. त्या प-पोर निजवत होत्या क्लचचं."

जोतीरामनं कप टेबलावर ठेवला.

"मी क-कुणाला बोललो न्हाय. पण स्कूटर ये-येगळी, ग-ग-ग..." विशाल रुतला. पुन्हा जोर लावला. "ग-गाडी येगळी. आज संध्याकाळी वर्कशॉपच्या म-मागं फिरवून बघा. ड-डाव्या हाताचं..."

चार लोक वळून बघायला लागले. काय चाललंय, कुणीतरी विचारलं. आणि जोतीरामला एकदम पाठीमागून 'डराँव' ऐकू आलं. चारी, शेवाळ, कठड्यावर डबा खाणारी शाळा, सगळं एका क्षणात. त्यानं तोंड उघडलं आणि सवयीनं जे यायचं ते आलं.

"ऐका, ऐका! म-म-मला ग-ग-गाडी शिकवतोय! अरे, तुझा 'ग' सुटंपर्यंत माझी इंदापूरला प-प-पोचंल!"

शोरूम कोसळली. आबासाहेबसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन हसले.

विशालनं जोतीरामकडं बघितलं. रागानं नाही. नट किती घट्ट बसलाय हे बघावं, तसं. "ब-बरं," तो म्हणाला, आणि फडक्याला हात पुसत आत गेला.

अक्षय तृतीयेला इंदापूरच्या स्टँडवर हलगी कडकडत होती. लाल, भलीमोठी, हारानं झाकलेली गाडी उभी होती. जोतीरामला भगवा फेटा बांधला होता. विशालनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. "च-चावी," एवढंच म्हणाला.

पहिल्यांदा गाडी धक्का खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. सासरे कुणाला तरी म्हणाले, "नवी गाडी हाय, तापली नसंल." जोतीरामनं डोळे मिटले, ओठातल्या ओठात स्वतःलाच समजावलं. हळूऽ... हळूऽ... पोर उठता कामा न्हाय. आणि गाडी निघाली! लोण्यातून सुरी जावी तशी. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, हलगीच्या मागं तो चालला होता. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. निकिता मोबाइल धरून बाजूनं पळत होती, "अवो, हिकडं बघा!" सासऱ्यांचं नाक जागेवर आलं होतं. शेवाळ, बेडूक, चारी, सगळं आज धुऊन निघालं, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचाही आवाज न काढता नुसता हसत होता.

शोरूमसमोर रस्ता जरा उताराचा होता. दारात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर पेढ्यांची परात आणि थर्माकोलची माणसाएवढी किल्ली. टेबलापुढं आबासाहेब नारळ घेऊन, आणि त्यांच्या पायाशी लिंबू. तिथं थांबायचं होतं.

जोतीरामनं डावा दाबला.

गाडी थांबली नाही. उलट मोकळी झाली आणि उतारावर जोरात निघाली. त्यानं डावा आणखी दाबला. गाडी आणखी पळाली. हलगीवाले बाजूला उडाले. त्यानं डावा असा आवळला की बोटं पांढरी पडली, आणि भीतीनं उजवी मूठ पिळली गेली. इंजिन रेड्यासारखं ओरडायला लागलं.

गर्दीतून एक ओळखीचा आवाज आला. ठमाबाई आपली नवी स्कूटर घेऊन मिरवणूक बघायला थांबली होती. "अगं बया! ह्यो तर आमच्या वर्गातला सुयोगभाऊ! अय भाऊ, डावा न्हवं! डावा सोऽऽड!"

आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा त्यानं डावा सोडला. एकदम. पोर धाडकन खाली पडलं. इंजिन भरात, क्लच मोकळा. गाडीनं उडी मारली. लिंबावरून गेली, अगदी मधोमध, आणि चालू इंजिनावर. मग टेबल, मग परात, मग थर्माकोलची किल्ली, मग काच. आबासाहेब बाजूला उडी मारून पेढ्यांत बसले. जोतीराम त्याच्या फिरत्या खुर्चीपर्यंत पोचला, पण तिच्याखाली. गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि फेटा गळ्यात आला होता.

 आधी एक बाई हसली, मग हलगीवाला, मग सगळं इंदापूर. जोतीरामला ते हसणं ओळखीचं वाटलं. ते थेट बावड्याच्या शाळेच्या कठड्यावरून येत होतं.

"वर्गात? कुठल्या वर्गात?" सासरे ठमाबाईला विचारत होते.

"बायकांच्या की! पळसदेवला. लय पडायचा, पण गोड माणूस."

निकितानं मोबाइल बंद केला नव्हता. दवाखान्यात ती म्हणाली, "बायकांच्या वर्गात जायचं हुतं तर मला तरी न्यायचं. मी शिकले असते." ती नाही बोलली तेवढं मोबाइल बोलला. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ भिगवणपासून बावड्यापर्यंत पोचला होता, आणि कुणीतरी त्याच्या शेवटी बेडकाचा आवाज जोडला होता. बावड्याचं कुणीतरी.

हाड जुळल्यावर जोतीराम पुन्हा टेबलावर बसला. भवानीनगरचे तात्या आले. तो पोटातल्या आवाजात म्हणाला, "बसा तात्या." तात्यांनी डावी मूठ आवळून दाखवली आणि खाली बसून हसायला लागले. कॉलेजचं पोरगं म्हणालं, "भावा, पिकअप बघितला तुझा." गुरुजींनीसुद्धा चष्म्याखालून बघत विचारलं, "डावा की उजवा?" आवाज तेच होते, पण त्या आवाजांत आता त्याला कुणी गाडी विकू देत नव्हतं. आबासाहेबांनी टेबल काढून घेतलं. "बाळा, गिऱ्हाईक हसून हसून निघून जातंय. तू आपला लिंबापुरता ऱ्हा. ते मातूर लोक मागत्यात."

कारण लोक खरंच मागत होते. उलट आता जास्तच. इंदापूरला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवशी गाडी इंजिनावर लिंबावरून गेली, म्हणूनच ते झालं, पायी नेली असती तर झालं नसतं, यावर दोन्ही तालुक्यांत कुणाचं दुमत नव्हतं. त्याची रीत खोटी ठरायच्या ऐवजी कायमची खरी ठरली होती. त्याचं नाव तेवढं गेलं. 'ते लिंबूवाले.'

इंदापूरची शाखा विशालला मिळाली. बोलायला अडखळणारा माणूस गाड्या विकणार कशा, म्हणून सगळे हसले होते. पण गाड्या खपत होत्या, बारामतीपेक्षा जास्त. आठवड्यातून दोनदा तिकडून फोन यायचा, "ल-लिंबूवाल्यांना पाठवा." मग जोतीराम पिशवीत लिंबं घेऊन इंदापूरच्या एसटीत बसायचा.

एका दुपारी तो नव्या शोरूमच्या दारात, नव्या बसवलेल्या काचेबाहेर, एका लाल गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत वाकला होता. आत काचेच्या केबिनमध्ये विशाल एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या सुनेला समोर बसवून बोलत होता. दार उघडं होतं.

"बसा तात्या. गाडी काय, कुठं पळून जात न्हाय. आधी च्या घ्या."

जोतीरामचा हात लिंबावर थांबला. तो आवाज त्याचा होता. पोटातला, जसाच्या तसा. आणि त्यात कुठंही खाच नव्हती. 'ग' वर विशाल जराही रुतला नव्हता. स्वतःचं बोलताना रुतणारा माणूस दुसऱ्याचा आवाज घातला की पाण्यासारखा वाहत होता.

"डाव्या हातात क्लच," आतला जोतीराम सांगत होता. "सोडायचा कसा? निजलेलं पोर मांडीवरनं खाली ठेवतो ना आपण, तसा. हळूऽ... हळूऽ..." सुनेनं श्वास धरला. म्हाताऱ्याची मूठ उघडत गेली. "एकदम सोडला तर काय हुतं, ते दाखवतो," आवाज म्हणाला, आणि विशालनं काचेतून बाहेर बोट दाखवलं.

म्हातारा आणि सून वळून जोतीरामकडं बघायला लागले. ओळख पटली, आणि दोघं हसत सुटले.

विशाल हसला नाही. दारात आला आणि आता स्वतःच्या आवाजात म्हणाला, "च-चला, लिंबूवाले. ग-ग-गाडी काढा. पायी."

जोतीरामनं गाडी न्यूट्रलला घेतली आणि ढकलायला लागला. लिंबू फच्च झालं. सुनेनं टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यानं त्याच्या हातात पेढा ठेवला आणि डोळे पुसत विचारलं, "हात चांगलाय तुमचा. तुमी सोता कुठली वापरता?"

"सर्व्हिसिंगला हाय," जोतीराम म्हणाला.